दादाचं रडणं तेवढं राहिलं

मी, पद्मेश्वरी हांडिक, वय एकाहत्तर, अविवाहित, व्यवसाय सिनेमा, राहणार नहरतली, जिल्हा धेमाजी, आसाम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मी सिनेमा काढायला निघाले तेव्हापासून गावाला याविषयी शंका असल्याने डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर, सुपारीची बाग आणि तळं थोरले बंधू दिंबेश्वर यांना. तळ्यातले मासे त्यांनी आजवर विचारून नेलेले नाहीत. यापुढे ते कायदेशीर होईल.

२. कॅमेरा आणि माईक बांधायचा बांबू त्यांची मुलगी जिंती हिला. बांबू जुना दिसतो म्हणून चुलीत घालू नये.

३. गुवाहाटीच्या एका परीक्षकांनी माझ्या गावच्या बोलीतल्या असमिया सिनेमाला असमिया उपशीर्षकं लावायला सुचवलं होतं. त्यांच्या हस्ते मिळालेलं मानचिन्ह बदकांच्या खुराड्याच्या दाराला टेकू म्हणून आहे. ते तिथेच राहावं.

४. माझे सिनेमे नामघराच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, अंगणात फुकट दाखवावेत. गावाने पानसुपारी आणि एकेका गामोछ्याच्या पंचावर कामं केली आहेत, तिकीट लावायला मला तोंड नाही.

५. शेवटचा सिनेमा अपुरा आहे. त्यात थोरला भाऊ बहिणीला सासरी जाताना नावेत बसवतो आणि काठावर रडतो. भाऊ म्हणजे दिंबेश्वरदादा. सगळं चित्रण झालं, रडणं तेवढं राहिलं. कांदा दिला, तर तो कांदाच खाऊन मोकळा झाला. वर साऱ्या गावादेखत म्हणाला, "तू जा ना खरोखरची सासरी, मग बघ कसा रडतो ते!" तेव्हापासून दहा वर्षं सिनेमा पेटीत आहे.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझं काय ते स्पष्ट सांगितलं. जिंतीने भीत भीत विचारलं, "आत्या, तुला नेतील त्या दिवशी बाबांवर कॅमेरा लावू का? सिनेमा पुरा होईल." दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. कारण तिच्या जागी मी असते तर विचारलंसुद्धा नसतं, सरळ कॅमेरा लावला असता.

तरी माझी इच्छा अशी: त्या दिवशी कॅमेरा काढू नये. सिनेमा अपुरा राहिला तरी चालेल. दादाला मनासारखं रडू द्यावं.

तो रडलाच नाही, तर मात्र कॅमेरा जरूर काढावा. साऱ्या गावाला दिसू दे.

हे वाचून, समजून सही केली.

पद्मेश्वरी हांडिक
नहरतली, ६ मार्च २०२३

साक्षीदार:
लोहित चेतिया, नावाडी (सिनेमातही नावाडी)
तरुलता दत्त, शिक्षिका