धक्क्यावरच्या उन्हात

रत्नागिरी, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५२. दिवेलागण.

कल्याणचं बिऱ्हाड मोडून आज आगबोटीने माहेरी आले. हे आता मुंबईत पेढीजवळच गाववाल्यांच्या खोलीत राहणार, खानावळीत जेवणार. "रोजची जा-ये झेपत नाही गो. घरी मी नुसता निजायला येतो," म्हणाले. खोटं कसं म्हणू? पहाटे कंदील लावून डबा भरायचा, रात्री कंदिलाशीच पान वाढायचं. रविवारी दिवसभर तोंडावर पांघरूण ओढून पडलेले असायचे. उठवायचं मनच व्हायचं नाही.

काल सकाळी मुंबईच्या धक्क्यावर माझी वळकटी हमालाच्या डोक्यावर देऊन त्यांनी टोपी काढली, घाम पुसला. लख्ख ऊन होतं. दोन्ही कानशिलं पांढरी! बत्तिसाव्या वर्षी? कधी झाली? मी रोज समोरच बसत होते ना?

आल्या आल्या आईने विचारलं, "जावई बरे आहेत ना गो? वाळले नाहीत ना?"

"बरे दिसतात," म्हटलं.

आता आईने कंदील लावून माझ्यापुढे आणून ठेवलाय. तोच, कल्याणहून आणलेला. ह्याच्या उजेडात तीन वर्षं ते केस काळेच दिसले. मेल्या, एकदा तरी दाखवायचंस.