कलम सात

११ ऑगस्ट

दादा,

नमस्कार. आई आणि वहिनी बऱ्या असतील असं धरून चालते. आधी घटना क्रमाने लिहिते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

१. १ जूनला आम्ही अकरा विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली. दहा आठवडे फक्त इथली भाषा बोलायची, घरच्यांशीसुद्धा. मोडलं तर शिष्यवृत्ती बंद.
२. मोबाइल पाकिटात घालून कचेरीत जमा केले.
३. १० जुलैला पहाटे बाबा गेले.
४. तुझा निरोप कचेरीत नऊला आला, मला साडेनऊला मिळाला.
५. १२ला मी घरी पोचले. तू विचारलंस, "तुला काहीच माहीत नव्हतं?" मी नाही म्हणाले.

पाचव्या मुद्द्यात चूक आहे. ती खाली दुरुस्त करते.

इथे ठीक आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीची कडी सैल आहे, कागदाची घडी घालून बसवते. वर्गात अकराचे नऊ उरले. मी निघताना तू म्हणालास, "इंजिनिअरिंगच्या मुलीला ही कुठली भाषा? तिच्यात नोकरीची जाहिरात तरी निघते का?" निघते. भूकंपमापन केंद्रात निघते. तिथल्या साठ वर्षांच्या नोंदी याच भाषेत आहेत आणि वाचणारी माणसं कमी आहेत. बाबा तेव्हा दुकानातला वजनकाटा जुळवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सही करणार आहेस ना? मग पाळायचं."

करार परवा संपला. पाकीट परत मिळालं. मोबाइल अजून सुरू केलेला नाही.

आता दुरुस्ती.

६ जुलैला, रविवारी दुपारी, वसतिगृहाच्या बोळातला फोन वाजला. मी उचलला. बाबा होते.

"काय मिलिग्रॅम, जेवलीस का?"

मी इथल्या भाषेत सांगितलं की जेवले, तुम्ही कसे आहात. ते हसले. "वा, फाडफाड बोलायला लागलीस की." मग म्हणाले, "जिना चढताना धाप लागते गं. छातीत भरून येतं. दादाला नाही सांगितलं, उगाच डोक्यावर बसेल. तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, आजच डॉक्टरांकडे जा, दादाला सांगा. इथल्या भाषेत म्हणाले. वाक्य बिनचूक होतं.

"बरं, बरं. कळलं काही नाही, पण ऐकायला छान वाटलं. ठेवतो."

तीन मिनिटं.

तुला वाटेल, शिक्षिका शेजारी उभी असेल. नव्हती. बोळात कुणीच नव्हतं. शिवाय कराराच्या कलम सातमध्ये घरच्या आजारपणाला आणि मृत्यूला सूट आहे. मराठीत बोलले असते तरी काही बिघडलं नसतं. ते कलम मला तेव्हाही पाठ होतं. पस्तीस दिवस माझ्याकडून एकही चूक झाली नव्हती. तो आकडा मोडायचा नव्हता. दुसरं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

घरी चार दिवस होते. वहिनी म्हणाली, "पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही." बरोबर आहे. अजूनही नाही. वर्गाला जाते, शब्द पाठ करते, जेवते. गेल्या आठवड्याच्या चाचणीत पहिली आले.

दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे. अर्जावर पालकाची सही लागते. पहिल्या वर्षी ती बाबांची होती, आता तुझी लागेल. हे पत्र न लिहिता नुसता अर्ज पाठवला असता, तर तू सही करून टाकली असतीस. म्हणून दोन्ही एकाच पाकिटात घातलंय.

एकच विचारायचं आहे. ६ ते १० जुलैच्या त्या चार दिवसांत बाबा माझ्या फोनबद्दल तुला काही बोलले होते का? बोलले असतील तर त्यांचेच शब्द लिही. भीड ठेवू नकोस. आईला यातलं काय सांगायचं ते तू ठरव.

अर्जावर सही कर, नाहीतर कोराच परत पाठव. २२ ऑगस्टपर्यंत उत्तर मिळावं.

तुझी बहीण,
जिला ते मिलिग्रॅम म्हणायचे