राहिलेल्यांचा दिवस

ता. ४ जून

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही, आणि मावशी जे ओरडून सांगते त्यात निम्मी मतं तिची असतात. म्हणून लेखी विचारते, उत्तरही लेखीच हवं. शाळेतल्या मुलांचे फोटो काढण्याच्या धंद्यात फायदा आहे का?

स्टुडिओ बंद करताना तुम्ही कॅमेऱ्याची पेटी, निळा पडदा आणि ते फिरतं स्टूल मला देऊन टाकलंत. आईला वाटलं, पोरीचा छंद आहे. छंद नाही, काका. विमा कंपनीतून मी तीन महिन्यांची बिनपगारी सुटी घेतली आहे. परत येते की राजीनामा देते, हे साहेबांना ऑगस्टअखेर सांगायचं आहे. आई म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. भाऊ म्हणतो, आता ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे, शाळेच्या फोटोवाल्याला कोण विचारतंय. मला दोघांचंही पटतं आणि तरी कचेरीत परत जावंसं वाटत नाही. तुम्ही इतकी वर्षं यावर संसार कसा केलात हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. उडवाउडवी करू नका.

मावशीला नमस्कार. उत्तराला उशीर चालेल, लोभात कसर नको.

तुमची,
फुगी


ता. १२ जून

चि. फुगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी एकदा मनात वाचलं. मग तुझ्या मावशीने ते मोठ्याने वाचलं, शेजारीपाजारी सगळ्यांना कळेल असं. तेव्हा आता तुझी सुटी गुपित राहिलेली नाही.

फायदा आहे. पण तो आयता हातात पडत नाही. लग्नात एक गिऱ्हाईक आणि त्याच्या शंभर तक्रारी. शाळेत शंभर गिऱ्हाइकं, आणि तक्रार करणारी सगळी घरी बसलेली. मेख अशी की वर्ग भरून स्थिरस्थावर झाले की महिना-दीड महिना मान वर करायला फुरसत नाही, आणि पुढे वर्षभर पासपोर्टच्या फोटोंवर दिवस ढकलायचे. फोटोचे पैसे आगाऊ घे. भिडेपोटी उधारीवर फोटो दिलेस तर ते तुझ्याच कपाटात राहतील.

एका मुलामागे अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात त्याची कॉलर सरळ, नाक स्वच्छ आणि चेहरा त्याचाच हवा. एकच कंगवा सगळ्या वर्गात फिरवू नकोस. मी फिरवला होता आणि उवा घरी आणल्या होत्या. मावशी अजून ऐकवते. हस म्हटलं की मूल दात दाखवतं, हसत नाही. त्यापेक्षा पडलेले दात किती ते विचार. ते मोजायला लागलं की बटण दाब. आणि संगणकावर चेहरे घासूनपुसून चकचकीत करू नकोस. आयांना आपलं पोर ओळखू आलं पाहिजे.

आता शेवटचं. प्रत्येक शाळेत पंधरवड्याने पुन्हा जायचं, फोटोच्या दिवशी गैरहजर असलेल्यांसाठी. त्याला मी राहिलेल्यांचा दिवस म्हणतो. एकच मूल राहिलं असलं तरी जायचं. का ते विचारू नकोस.

तब्येतीला जप. आमचा जीव तुझ्यात आहे, हे पत्रात लिहायची गरज नाही, तरी लिहितो.

तुझा,
काका


ता. २६ जुलै

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पहिली शाळा झाली! सभागृहात खिडकीजवळ पडदा लावला, स्टूल करकरलं, आणि मी तुमच्या सांगण्यावरून पहिलीतल्या पहिल्या मुलाला विचारलं की दात किती पडले. त्याने तोंडात बोट घालून मोजायला सुरुवात केली. मी घाईने बटण दाबलं. रांगेतल्या सगळ्यांना वाटलं, फोटो असाच काढतात. बघता बघता निम्म्या वर्गाचं बोट तोंडात! मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, झालं, आता गाशा गुंडाळा. पण त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि त्या खोकण्याचं निमित्त करून बाहेर गेल्या. गंमत म्हणजे आयांनी तेच फोटो आधी उचलले. काका, मला त्या दिवशी जेवायचीही आठवण राहिली नाही.

पण आता गाडं अडलंय ते तुमच्या राहिलेल्यांच्या दिवसापाशी. इथे एकच मुलगी राहिली आहे. तिचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. शाळा दोन बसगाड्या बदलून जाण्याइतकी लांब. पेटी, पडदा, स्टूल घेऊन तिच्या एकटीसाठी जायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी मोठ्या बाईंना सुचवलं की तिच्या घरच्यांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवावा, मी तो वर्गाच्या तक्त्यावर इतरांच्या शेजारी बेमालूम बसवीन. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

त्यातच कचेरीचं स्मरणपत्र आलंय. खरं सांगते, मला भीती वाटते. फायद्याच्या वाटेवर दर वेळी असा वेडेपणा करावा लागणार असेल, तर आईचं ऐकलेलं बरं. तुम्ही हिशेबी माणूस, मग हा एक दिवस बिनहिशेबी का? कारण पटलं तर जाईन. मोघम उपदेश केलात तर कचेरीत परत.

रागावून लिहिलंय असं वाटलं तर लोभ दुप्पट करावा.

तुमची,
फुगी


ता. ३ ऑगस्ट

चि. फुगीस,
तुझ्या मावशीचे अ. आ.

तुझं पत्र आल्यापासून काका मागच्या खोलीत भिंग पुसत बसलेत. आधीच स्वच्छ आहे ते. ते काही सांगायचे नाहीत, म्हातारपणी लाजतात. म्हणून मी लिहिते.

तू पहिलीत होतीस. शाळेत फोटो निघाले तेव्हा तुला गालगुंड झालं होतं. तुझा भाऊ नुकताच जन्मलेला, आई बाळंतीण, म्हणून मी तुमच्याकडे राहत होते. बरी झाल्यावर मी तुला शाळेत सोडायला गेले तर सभागृहात एक किडकिडीत माणूस पडदा, दिवे, स्टूल मांडून एकटाच बसलेला. सगळ्या शाळेत राहिलेली एकटी तूच होतीस. तुझा एक गाल अजून सुजलेला, आणि तू माझ्यामागे तोंड लपवून बसलीस. तर हा माणूस कॅमेऱ्याच्या बटणाची लांब तार हातात धरून फरशीवर बसला आणि त्याने आपले दोन्ही गाल फुगवले, डोळे बाहेर येईपर्यंत. तू हसलीस. आईच्या कपाटावर आहे तो फोटो त्या क्षणाचा.

मी त्याला सुनावलं की एका पोरीसाठी दिवस घालवतोस, धंदा बुडेल तुझा. तो म्हणाला, वर्षभर वर्गात बसलेलं मूल फोटोत नसलं, तर शाळा त्याची होती हे त्याला पुढे कोण सांगणार. फोटो शाळेमार्फत यायचे असतात. हा स्वतः घरी घेऊन आला. पत्ता माझ्याकडून घेतला होता, पण तुझं नाव विचारायचं विसरला, म्हणून पाकिटावर लिहिलं होतं, फुगी. तेव्हा तुझं हे नाव, तो तुझा कोणीही नसताना त्याने ठेवलेलं आहे. पुढे पाकीट बरोबर मिळालं का हे विचारायला तो तीनदा आला. आजोबांना आम्ही सांगितलं की स्थळ शाळेच्या मुख्याध्यापिकेने सुचवलं. तुझ्या आईला सगळं ठाऊक आहे. तिला शपथ घातली होती.

आता धंद्याचं. स्टुडिओचा हिशेब मीच बघायचे, तेव्हा माझं ऐक. तो दिवस दर वेळी तोट्याचा गेला. पण कमी भावाने फोटो काढणारे आले नि गेले, आणि शाळांनी दरवर्षी तुझ्या काकांनाच बोलावलं. बाई बाईंना सांगतात की हा माणूस परत येतो. वर्षाचा फायदा त्यातून निघायचा. हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

जायचं की नाही ते तुझं तू ठरव. कचेरीत परत गेलीस तरी तू आमची फुगीच. आमची माया काही बिनपगारी रजेवर जात नाही.

तुझी,
मावशी


ता. १७ ऑगस्ट

ती. काका आणि मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग आईशी भांडले. तिने इतकी वर्षं एक अक्षर बोलू नये? मग कपाटावरचा फोटो खाली काढून नीट पाहिला. मी कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. त्याच्या खाली, फरशीकडे बघतेय.

काल शाळेत जाऊन आले. पडदा, स्टूल, सगळं नेलं. मुलगी माझ्यासारखी कुणाच्या मागे तोंड लपवणारी मुळीच नव्हती. वर्गातल्या सगळ्यांनी तिच्या प्लॅस्टरवर नावं लिहिली आहेत आणि तिचं म्हणणं होतं की फोटोत पाय आलाच पाहिजे. पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून तसा काढला. तिच्या प्लॅस्टरवर सगळा वर्ग आला आहे, तेव्हा तिच्या एकटीच्याच फोटोत सर्वांत जास्त मुलं. निघताना मोठ्या बाईंनी फक्त विचारलं, की पुढच्या वर्षी कधी येताय, आणि त्यांच्या बहिणीच्या शाळेचा पत्ता दिला.

बसभाडं जाऊन या खेपेत हाताला काही लागलं नाही. तरीही येताना वाटेतच राजीनामा टपालात टाकला. भीती वाटते आहे. पण आता कुतूहल तिच्याहून मोठं झालंय, पुढच्या शाळेत कोण राहिलेलं असेल याचं.

काका, मीही नाव विचारायला विसरले. पाकिटावर लिहिलंय, प्लॅस्टर. आणि मावशी, तू उगाच आशा धरू नकोस. तिला घेऊन तिचे आजोबा आले होते.

गाल फुगवून केलेला नमस्कार स्वीकारावा, आणि लोभ असाच, विचारल्याशिवाय, असू द्यावा.

तुमची,
फुगी