मेल्या कोण म्हणालं

सोमवार, ९ जून

प्रिय आत्या,

तुला नमस्कार.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की, त्या सकाळी बाळांच्या खोलीत पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. ते चूक आहे. मी साडेआठलाच आत होते.

बाबांचा गुडघा कसा आहे? आई म्हणते, घरातल्या सगळ्या चादरींचे कोपरे तू वॉर्डसारखे घट्ट दुमडतेस आणि पाय पसरायलाही जागा उरत नाही. इथे तुझ्या जागी आलेली नवी आया चांगली आहे. बाळांना हळू आवाजात 'राजा' म्हणते. मीही म्हणून बघते, पण जीभ अडखळते. काल गुंत्यात फणी अडकली तर तिला मेली म्हणाले आणि कुणी ऐकलं का ते पाहिलं.

आपल्या घरात हा शब्द कुणाला लागलाच नाही. मी शाळेत पहिली आले तेव्हा तू माझा गालगुच्चा घेऊन म्हणालीस, "मेली, हुशार निघाली गं." पाहुण्यांना मात्र तू 'या, बसा' म्हणायचीस. त्यामुळे मला वाटायचं, आत्या ज्याला मेला म्हणत नाही तो परका.

साडेआठला खोलीत मी आणि पाळण्यातली बाळं, एवढेच होतो. तू कपडे आणायला गेली होतीस. सात नंबरचं बाळ दूध न पिता झोपून होतं. तू शिकवलंस तसं मी त्याच्या तळव्यावर टिचकी मारली आणि म्हटलं, "ऊठ मेल्या, किती झोपशील." ते रडलं. मला आनंद झाला. पडद्यापलीकडे त्याची आई होती, हे मला माहीत नव्हतं. तिनं ऐकलं आणि तक्रार केली.

मेट्रनबाईंनी कोण बोललं हे विचारलंच नाही. या शब्दावरून तुला आधी दोनदा ताकीद दिलेली होती. "आयाबाई, पुन्हा तुम्हीच?" म्हणाल्या. तू माझ्याकडे पाहिलंस, हातातलं दुपटं खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "सवय हो. गेलं तोंडातून." मी तापाचे आकडे लिहीत राहिले. तीस वर्षांचं तुझं काम त्या आठवड्यात सुटलं.

शनिवारी ती आई वजनाला आली होती. मी तिला खरं सांगितलं. ती बराच वेळ बाळाचं टोपडं नीट करत बसली. मग म्हणाली, "पहिलं गेलं माझं. तीन दिवसांचं होतं." मला बसायला जागा सापडेना.

मी म्हटलं, "आमच्या घरी लाडानं म्हणतात."

"तुमच्या घरी म्हणा. माझ्या बाळाला नको." बाळाला उचलत म्हणाली, "पण त्या बाईंनी नाव का नाही सांगितलं तुमचं?"

"आत्या आहे माझी."

"मग तर आधी तुम्ही सांगायला हवं होतं." लसीच्या दिवशी ती स्वतः मेट्रनबाईंकडे माझ्याबरोबर येणार आहे. तक्रार मागे घेणार नाही, म्हणाली, फक्त तक्रारीतला माणूस बदलायचा.

मला काढतील का, माहीत नाही. तुला परत बोलावतील असं मात्र वाटतं. हे फोनवर सांगितलं असतं तर तू मला पुरतं बोलूच दिलं नसतंस, म्हणून पत्र. आलीस तर आपण दोघी मिळून तो शब्द दाराबाहेर ठेवू. मला एकटीला जमत नाहीये.

तुझ्या हाताखाली शिकलेली आणि तुझ्याच आड लपलेली,
तुझी भाची

ता. क. लसीचा दिवस लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही: गुरुवार, १२ जून, सकाळी दहा.