मिठातलं आयोडीन आणि शिशाच्या डब्यातलं

४ मार्च
मीठ बंद! नेहमीचं पुडीतलं. गळ्यातली गाठ काढून झाली, आता कर्करोगाचं उरलंसुरलं मारायला गोळी द्यायची, आणि त्याआधी पोटात आयोडीन जाता कामा नये. गोळी कशाची? – तीही आयोडीनचीच! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'हे किरण सोडणारं आयोडीन, शिशाच्या डब्यातून येतं.'
बाहेर आल्यावर हे म्हणतात, 'आता बोलणंही अळणी होणार का तुझं?' विनोद सुचतात यांना!

६ मार्च
लेक बारावीला. म्हटलं, नीट समजावून सांग. आयोडीनच्या अणूत प्रोटॉन त्रेपन्न. अणू उदासीन, म्हणून इलेक्ट्रॉनही त्रेपन्नच. जेवढं धन तेवढं ऋण. 'एवढं कळतं गं, जमाखर्च मांडते मी!' 'मग न्यूट्रॉन सांग. वस्तुमानांक एकशे सत्तावीस.' प्रोटॉन वजा केले – चौऱ्याहत्तर! इलेक्ट्रॉन धरायचे नाहीत, त्यांना वजन नसल्यासारखंच. शाबासकी मिळाली. मॅट्रिक अगदीच वाया गेलं नाही!
मग गोळीतला अणू. एकशे एकतीस वजा त्रेपन्न – अठ्ठ्याहत्तर.
एवढंच? चार न्यूट्रॉन जास्त? पुन्हा मांडून पाहिलं. धन तेवढंच, ऋण तेवढंच. चार कण, तेही ना धन ना ऋण – आणि एक आयोडीन आमटीत, दुसरं शिशाच्या डब्यात! अंगावर काटा आला. देवा, काय काय करून ठेवलं आहेस!

९ मार्च
अळणी.

१२ मार्च
मागची खोली झाडली. गोळी घेतल्यावर तिथे एकटीने राहायचं, लेकीने जवळ फिरकायचं नाही. चादर जुनीच, ताटही जुनंच. आणि संडासात दर वेळी दोनदा पाणी सोडायचं! डोळे पांढरे झाले माझे. लेक ओरडली, 'आई, कर्करोग झालाय तुला, आणि तू पाणी कसलं मोजतेस!' – आणि रडायलाच लागली. मग मीही. गोळी लागू पडू दे, दुसरं काही नको, एवढंच मागितलं देवाकडे.

१७ मार्च
गोळी उद्या. आज रक्त घेतलं, लघवीही. ती कशाला? नर्स म्हणाली, 'मूल राहिलेलं नाही ना, ते बघायला. पोटातल्या बाळाला ही गोळी चालत नाही.' 'अगं, चव्वेचाळिसावं लागलंय मला! काहीतरीच तुझं!' 'नियम आहे काकू, सगळ्यांनाच.' दोघी हसलो. पाळी चुकलीय खरी, पण ऑपरेशनने अंग बिघडलं असणार. शिवाय वय.

१८ मार्च
डबा न उघडताच परत गेला. मला दिवस गेलेत!
'बाळंतपणापर्यंत गोळी थांबवायची, नाहीतर –' डॉक्टरीणबाईंचं त्या 'नाहीतर'च्या पुढचं मी ऐकलंच नाही. हे जिन्यातच बसले.
घरी लेक भिंतीला टेकून लांब उभी. 'घेतलीस ना गोळी?'
'ये गं जवळ,' म्हटलं.