तात्यारावांचा गोल जिना

११ मे, रविवार

पाईप वाया गेला.

तात्यारावांच्या दुकानामागं लोखंडी गोल जिना बसवायलोय. आमच्या कमलनगरात असला जिना कुणी केला न्हाई. मीच मोठ्या तोंडानं हो म्हणालो. मधला खांब उभा आहे, पंधरा पायऱ्या लागल्या. दर पायरी आठ इंच वर आणि सारखीच वळलेली. दहा फूट चढलं की बरोबर एक फेरा. तिथवर झकास. पण कठड्याचा पाईप बसंना. अडीच फुटाच्या त्रिज्येला वाकवला, वर ओढला, तर आत आखडला आणि वरच्या पायरीला पोचलाच न्हाई.

तात्याराव बघून गेले. "जमत नसंल तर साधा जिना करा. वीस तारखेला वर भाडेकरू यायलेत."

१२ मे, सोमवार

दुसरा पाईप. तेच.

घरातही धड न्हाई. दानू, माझी लेक दानेश्वरी, महिन्यापासनं माझ्याशी कामापुरतंच बोलती. बारावीला फिजिक्समधी एक्केचाळीस पडले, तवा मी पाहुण्यांसमोर बोलून गेलो, "हे तुझ्या डोक्याचं न्हाई." बोललेलं परत गिळता येत न्हाई.

१४ मे, बुधवार

दानू माझ्या वेल्डिंगच्या शेडवर डबा घेऊन आली. रोज ठेवून जाती, आज थांबली. वाया गेलेल्या पाईपाकडं बघत हुती.

"अप्पा, हा असा कामून झाला?"

सांगितलं. तिनं वहीचं पान फाडून काटकोनी त्रिकोण कापला, पाण्याच्या बाटलीला गुंडाळला. तिरपी कड बाटलीभवती फिरत वर गेली — हुबेहूब माझा कठडा.

"पाईप नुसता गोल फिरत न्हाई, अप्पा. फिरता फिरता सारखा वरही चाललाय. म्हणून लांबी जास्त लागती."

मग खडूनं फरशीवर आकडेमोड केली. मी सोळा फूट कापला हुता, तिचं उत्तर साडेअठराच्या थोडं वर. आणि म्हणाली, "वाकवायचा साडेतीन फुटाच्या त्रिज्येला."

मी हसलो. "अगं, पायऱ्यांच्या बाहेर जाईल फूटभर."

"जाणार न्हाई. वर चढताना बाक कमी लागतो. पिळत पिळत वर न्या."

मला पटलं न्हाई. पण ती सरळ माझ्याकडं बघून बोलली, महिन्यानं. डबा तिथंच दोघांनी खाल्ला.

१७ मे, शनिवार

बसला.

मी वर ओढायलो, दानू खालनं पिळायली. पायऱ्यांवरच्या एकेका उभ्या गजावर पाईप असा टेकत गेला, जसा तिथंच उगवलाय. वरच्या पायरीपाशी दोन बोटं उरला, तेवढा कापला.

तिथंच उभ्या उभ्या म्हणालो, "त्या दिवशी डोक्याचं बोललो ते चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," म्हणाली. "आधी टाका मारा, पाईप सुटंल."

वेल्डिंगचा टाका वाकडा पडला. डोळ्यांना नीट दिसंना. तोंडापुढची काच काळी असती म्हणून बरं.

१९ मे, सोमवार

तात्याराव चढून उतरले, परत चढले. बायकोला, रेणुकाला, घेऊन गेलो हुतो. ती वरनं म्हणाली, "हे तुम्ही केलं?" मी म्हणालो, "दोघांनी."

ठरवलं. दानूला कलबुर्गीला बी.एस्सी.ला घालायचं. रेणुका म्हणती, "पोरगी गेली की घर खायला उठंल." मला काय ठाऊक न्हाई? पण आता अडवायचं न्हाई.

२९ मे, गुरुवार

कॉलेजची माहिती काढून आणली. हॉस्टेलचीही. दानूला अजून सांगितलं न्हाई. धीर व्हईना.

२ जून, सोमवार

आज कागद पुढं ठेवले. दानूनं सगळे वाचले, नीट घडी घातली. मग आतनं आपला फॉर्म आणला, भरलेला. बिदरची आय.टी.आय., वेल्डर. "रोज बसनं येऊन जाऊन करीन, अप्पा. मला तुमच्यासंग काम करायचंय."

रेणुका माझ्याकडं बघायली. मी चष्मा पुसला. सही कुठं करायची, विचारलं.