वरच्या खुणेच्या वर

१२ जून, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आता तिला जिना चढू देतो. भाऊजींना नमस्कार सांग आणि चिमणीला म्हणावं, मामाने नव्या ट्रकचा हॉर्न तिच्यासाठी राखून ठेवलाय.

आता खरी बातमी. ट्रकच्या इंजिनात सिंथेटिक तेल पडलं. मी ओतलं, माझ्या हातांनी. पहिल्या सर्व्हिसला आधीचं तेल काढलं आणि बाबा त्यांचा नेहमीचा डबा उघडायला बसले, तेवढ्यात मी आडवा गेलो. तू असतीस तर कान धरला असतास. पण ताई, सकाळी स्टार्टर मारला की इंजिन आता खाकरत बसत नाही, थेट बोलायला लागतं.

बाबा म्हणाले, "हे तेल की पाणी? सीलमधून गळेल, नाहीतर इंजिन पिऊन टाकेल."

"ट्रकच्या पुस्तिकेत लिहिलंय, चालतं म्हणून."

"पुस्तकं वाचायची होती तेव्हा वाचली नाहीस, आता वाचतोयस होय?"

माझं डोकं फिरलं. सगळ्या यार्डासमोर पैज लावून बसलो. महिनाभर वरून थेंबही घालायचा नाही. तेल मोजायच्या पट्टीवर ते बोटभर उतरलं तर मी मुकाट्याने कॉलेजात परत. नाही उतरलं तर ट्रकची किल्ली माझी.

पुस्तिकेतलं ते पान मला कुणी दाखवलं, विचारू नकोस. बरं, विचार. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बसते ती. माझ्याच वर्गात होती. वडील अंथरुणाला खिळले म्हणून तिने डिसेंबरात कॉलेज सोडलं. मी जानेवारीत सोडलं. तू तारखा जुळवणारच, म्हणून मीच लिहून टाकतो.

तर रोज सकाळी पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा घालायची. तेल जिथल्या तिथे. तेविसाव्या दिवशी माल उतरवून ट्रक गोदामाच्या चढावर उभा होता. पट्टी काढली तर तेल बोटभर खाली. बाबा चहाला गेले होते. सीटखालचा डबा काढला, लिटरभर तेल ओतलं, हात पुसले आणि शीळ घालत उभा राहिलो.

काल महिना भरला. यार्डातल्या सपाट फरशीवर ट्रक लावला. सगळे जमले. फिल्टर पोचवायचं निमित्त करून तीही आली. बाबांनी पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर.

बाबा शांतपणे म्हणाले, "दूध देणारी म्हैस पाहिली होती. तेल देणारं इंजिन पहिल्यांदाच पाहतोय."

यार्ड हसून हसून आडवं झालं. तिने मात्र हळूच विचारलं, "मधे कधी चढावर मोजलं होतंस?"

चाकं वरखाली असली की पट्टी खोटं बोलते, ताई. तेल उतरलंच नव्हतं. मी खरा होतो आणि घाबरून खोटा झालो.

बाबांनी जास्तीचं तेल काढलं आणि किल्ली पुढे केली. "इंजिनाने काही प्यायलं नाही. घे."

मी घेतली नाही. "थेंबही घालायचा नव्हता, मी लिटर घातलं. हरलो," म्हणालो. संध्याकाळी बाबा स्वतः जाऊन सिंथेटिकचे दोन डबे घेऊन आले.

ती फाटकापाशी थांबली होती. "कॉलेज माझ्यासाठी सोडलंस?"

"हो."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग आता जा, आणि रोजच्या नोट्स दुकानात आणून दे. मला बाहेरून परीक्षेला बसायचंय. अक्षर नीट काढ, तुझं वाचता येत नाही."

ताई, मी घरापर्यंत पळत आलो. आई म्हणाली, "कुत्रं मागे लागलं का?"

एकच राहिलं. मी ट्रकपायी शिक्षण सोडलं असं बाबा समजतात आणि गेले पाच महिने नव्या ट्रकलाच दोष देतायत. खरं कारण आज जेवताना मीच सांगणार आहे. हे पत्र पोचेपर्यंत एकतर ते हसले असतील, नाहीतर मी तुझ्याकडे यायला निघालो असेन. अंथरूण घालून ठेव.

सोमवारपासून पुन्हा दुसऱ्या वर्षात बसणारा,
तुझा धाकटा